सारवलेली खदान

सर्व लहानथोर वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, पुढील मजकूर वाचण्यापूर्वी त्यांनी ताठ बसावे आणि घरातल्या मंडळींस शांत राहण्याची सूचना द्यावी, कारण विषय राष्ट्रीय महत्त्वाचा आहे. तिवस्याच्या अलीकडे, नागपूरच्या सडकेला लागून, मुरूम काढून झालेली एक खदान होती. ती सरकारने बुजवली. त्या बुजवलेल्या खदानीवरून पाणी नीट वाहून जाते की नाही, हा प्रश्न साठ सालानंतरच्या काही वर्षांत आपल्या देशापुढे उभा राहिला. देशाने तो माझ्यावर सोपवला. देशाचाही नाइलाज होता. त्या भागात आमच्या खात्याचा दुसरा माणूसच नव्हता.

मी तेव्हा अमरावतीला राजापेठेत एका खोलीत भाड्याने राहत होतो आणि बांधबंदिस्तीच्या खात्यात नोकरीला होतो. काम सांगायला सोपं. उतारावरून येणारं पाणी अडवायचं, जास्तीचं रीतसर वाट काढून सोडून द्यायचं आणि माती जागेवर ठेवायची. माती जागेवर राहायची. मी राहत नसे. सायकल एस.टी.च्या टपावर चढवायची, तिवस्याला उतरवायची आणि उन्हातून उलटं मागे यायचं, कारण आमच्या खदानीपाशी एस.टी. थांबत नसे. कंडक्टर म्हणायचा, "तिथं आहे काय थांबायला?" मी म्हणायचो, "खदान." तो म्हणायचा, "मग उडी मारा."

तर ही खदान. टेकाडाच्या पोटातून सडकेसाठी मुरूम काढून काढून तिथे मोठा खड्डा झाला होता. तो आम्ही दगडमातीने भरला, वर तलावातला काळा गाळ पसरला, टेकाडाकडून येणारं पाणी शेतात घुसू नये म्हणून वरच्या अंगाला बांध घातला आणि बांधाच्या टोकापासून खाली नाल्यापर्यंत एक चर खोदून दिला. बांधावर पवन्या गवत लावलं, कारण गवताची मुळं माती धरून ठेवतात. काम झालं झकास. झकास कामाला आमच्या खात्यात एकच शिक्षा होती, तपासणी.

ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते गावातलं एक जोडपं. दोघांचीही उमेदीची वर्षं त्याच खदानीत गेलेली, तो कुदळ मारायचा आणि ती डोक्यावरून टोपल्या वाहायची. छप्पन सालानंतर घरात बुद्धाची तसबीर लागली होती, आणि बाईच्या आवाजात जो ताठा होता तो त्या सालानंतरचा की आधीपासूनचा, यावर गावात दोन मतं होती. बाई चाळिशी ओलांडलेली, उंच. खदानीच्या तळातून हाक मारली तर सडकेवरचा ट्रक थांबावा असा गळा. मी तिला मावशी म्हणायचो आणि ती मला लहान सायेब म्हणायची.

भूमिहीनांना पडीत जमिनी देणं चाललं होतं, त्यात ही बुजवलेली खदान त्या जोडप्याला द्यायचं ठरलं. अट अशी की धूप, निचरा आणि तण या तिन्ही बाबतींत आमच्या खात्याने जमीन आधी पास करावी. पेरणीच्या आधी पास झाली तर वावर त्यांचं. नाही झाली तर आणखी वर्षभर सरकारचं, आणि वर्षाने सरकारच्या मनात काय येईल हे सरकारलाही ठाऊक नसतं. शिवाय गावातल्या एका वजनदार गृहस्थांना ती जागा गुरं चारायला हवी होती. ते रोज सकाळी सडकेवर उभे राहून खदानीकडे इतक्या प्रेमाने बघत, की मावशीने एकदा माझ्यादेखत त्यांना विचारलं होतं, "काऊन दादा, नजर लावून राहिले का?"

पास करणार होते अकोल्याचे आमचे मोठे साहेब. मूळचे पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. वाईट माणसाला घरी येऊन शिव्या देता येतात. चांगल्या माणसाने छळलं की काही इलाज नसतो. साहेब वेळेवर येत, कुणावर ओरडत नसत, डबा स्वतःचा स्वतः धूत. त्यांचं फक्त एक तत्त्व होतं. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच खरं.

पहिल्यांदा ते संक्रांतीनंतर आले. डोक्यावर सोला हॅट, पायात काळे बूट. बांधावरच्या गवतावरून हात फिरवला आणि म्हणाले, "छान. पण आत हे काय?"

आत गाळाबरोबर आलेला तरोटा वाळून उभा होता आणि कुंद्याने जागोजागी डोकं काढलं होतं. "तण आहे साहेब."

"काढा."

"काढतो. पण धूप अजिबात नाही साहेब. मागचा पावसाळा वरून गेला, ओंजळभर माती हलली नाही."

"असं तुम्ही म्हणता."

"सगळं गाव म्हणतं."

"मी पाहिलेलं नाही," साहेब शांतपणे म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

आता होऊन गेलेला पावसाळा मी साहेबांपुढे परत कसा उभा करू? मी सायकलला लाथ मारली. सायकल पडली, तिची चेन निघाली, आणि तिवस्यापर्यंत मी तिला हाताने ढकलत नेलं.

कुंदा काढणं म्हणजे काय असतं ते ज्याने काढलाय त्यालाच माहीत. वरून काडी ओढली तर काडीच हातात येते, मूळ खाली जाऊन बसतं. नवरा-बायकोने कुदळीने खोल खणून एकेक मूळ बाहेर काढलं. होळीनंतर साहेब दुसऱ्यांदा आले तेव्हा वावर असं स्वच्छ होतं की तिथे पंगत बसवावी.

साहेबांनी वावर पाहिलं, मान डोलावली. मग चरापाशी उभे राहिले. "निचरा?"

"हा चर साहेब. वरचं पाणी बांधाला लागतं, इथून वळतं आणि नाल्यात जातं."

"कुठंय पाणी?"

"साहेब, मार्च महिना आहे."

"महिना मला कळतो. मी पाण्याबद्दल विचारतोय."

मी म्हणालो, "पावसाळ्यात आलात तर धोधो वाहताना दिसेल."

"पावसाळ्यात पास करून उपयोग काय? पेरणीच्या आधी पास करायची आहे असं तुम्हीच मला लिहिलंत."

"हो साहेब."

"मग?"

या 'मग'ला उत्तर नव्हतं. आजही नाही. मधूनच बाहेरच्या खोलीत एकटा असलो की मी त्या 'मग'ला वेगवेगळी उत्तरं देऊन पाहतो, हातवारे करून, आणि बायको स्वयंपाकघरातून विचारते, कुणाशी बोलताय?

त्या दिवशी मावशीने साहेबांना चहा दिला. साहेबांनी तो तिच्या घरच्या कपातून, ओट्यावर बसून, मजेत प्यायला आणि "आलं छान लागतंय" म्हणाले. जीप गेल्यावर मावशी बराच वेळ त्या रिकाम्या कपाकडे पाहत राहिली. ज्या खदानीत तिने टोपल्या वाहिल्या, तिथे एके काळी येणाऱ्या साहेबांची पाण्याची सुरई वेगळी असायची आणि तिच्याजवळून जायची तिला मनाई होती.

"चहा तं पेते," ती म्हणाली. "माणूस बरा दिसते. मंग पास काऊन नाई करून राहिला?"

"मावशी, त्यांना पाणी वाहताना पाहायचंय."

"इथं पेवाले नाई, अन् त्यायले वाहाले पायजे?"

"गाड्यांमधून ड्रम आणू. वरून ओतू. चरातून वाहताना दाखवू. वैशाखात पुन्हा येतो म्हणालेत."

"दोनदा पाहून गेले, आता तिसऱ्यांदा येतो म्हन्ते. हो म्हनत नाई, नाई म्हनत नाई. असा नवरदेव माह्या पोरीले पाहाले आला असता तं मी उंबरठ्यावरूनच वापस केला असता!"

"असं नका बोलू. या वेळी नक्की होईल. फक्त एक ध्यानात ठेवा. बांधावरचं गवत काढू नका. ते तण नाही."

"मले काय येडी समजता? मीच लावलं ना थे."

मी निर्धास्त झालो. वऱ्हाडात नोकरी करणाऱ्या माणसाने एवढं निर्धास्त होऊ नये.

वैशाखातल्या त्या सकाळी मी साहेबांच्या आधी तासभर पोचलो. टेकाडाला वळसा घालून खदान दिसली आणि मी सायकलवरून उतरायचं विसरलो. तसाच बाभळीत गेलो.

बांध सारवला होता. पूर्ण. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वरून आणि दोन्ही उतारांवरून, शेण आणि पिवळ्या मातीने, बोटांच्या वळणदार रेघा उमटवत, लग्नघरातल्या अंगणासारखा. काठाने पांढऱ्या मातीची पट्टी ओढलेली. आणि चर? चरसुद्धा सारवलेला होता. बांधापासून नाल्यापर्यंतचा सगळा उतार, तळ आणि दोन्ही कडा. नाल्याच्या तोंडाशी रांगोळी होती. शेजारपाजारच्या बाया कोपरापर्यंत शेणाचे हात घेऊन समाधानाने उभ्या होत्या आणि मावशी नवं लुगडं नेसली होती.

"मावशी! गवत?"

"अंगनात गवत ठेवून सारवता येते का?"

"अहो, पण मी सांगितलं होतं ना..."

"तुमी म्हनले काढू नका. आमी काढलं नाई. वरून कापलं. मुया जमिनीतच हायत, पानी पडलं का येते वर." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिचा आवाज जरा उतरला. "लहान सायेब, पोरगी पाहाले येतात तवा घर सारवतेच ना मानूस? दोनदा आमी काईच केलं नाई. म्हनूनच अडकलं असन. या खेपेले काई कमी ठेवली नाई."

मी डोकं धरून बाभळीखाली बसलो. एखाद्या माणसाने वाईट हेतूने काम बिघडवलं असतं तर मी त्याला दोन शब्द ऐकवले असते. इथे पंधरा-वीस बायांनी भर वैशाखात, पाण्याची बोंब असताना, कुठून कुठून शेण गोळा करून माझ्या बांधाची आरास केली होती. मी काय बोलणार? "रेघा छान आल्यात," एवढं बोललो.

जीप आली. सडकेवरचे वजनदार गृहस्थही आज जवळ येऊन उभे राहिले. साहेब उतरले, हॅट सारखी केली, बांधाकडे पाहिलं, हॅट काढली, पुन्हा पाहिलं.

"हे काय आहे?"

"स्थानिक पद्धत आहे साहेब," मी म्हणालो.

"कशाची?"

मावशी पुढे झाली. "पाव्हण्याची, मोठे सायेब."

साहेब गोंधळले. ते कुणी आदराने वागलं की गोंधळत. "पण गवत कुठंय? गेल्या वेळी मी गवत पाहिलं होतं."

"आत आहे साहेब. मुळं शाबूत आहेत."

"आतलं दिसत नाही," साहेब खिन्नपणे म्हणाले. त्यांच्या तत्त्वाला आज फार त्रास होणार होता. "असो. पाणी आणलंय?"

पाणी आणलं होतं. बैलगाड्यांवर ड्रम लादून, लांबच्या विहिरीवरून, पहाटेपासून. बैल वाटेत तहानेने मागे वळून वळून ड्रम हुंगत होते. साहेबांनी आधी शेतात पाणी सोडायला सांगितलं. गाडीवाल्याने ड्रम कलंडवला. आता वैशाखातली गाळाची काळी जमीन कशी असते? तिला अशा भेगा पडतात की त्यात कोंबडीचं पिल्लू पडलं तर आईने रडत बसावं. ड्रमभर पाणी त्या भेगांत गेलं आणि आवाजसुद्धा झाला नाही. दुसरा ड्रम गेला. तिसराही गेला.

साहेब वाकून पाहत होते. "पाणी कुठं गेलं?"

गाडीवाला म्हणाला, "पेली सायेब, जमीन."

"म्हणजे निचरा झाला का?" साहेबांनी मला विचारलं.

"मुरलं साहेब. मुरणं वेगळं, निचरा वेगळा."

"मग निचरा दाखवा."

मागून एक बाई पुटपुटली, "याच्यापेक्षा बैलाइले पाजलं असतं तं बैलानं आशीर्वाद देला असता." वजनदार गृहस्थ हसले. मावशी हसली नाही. ती रिकाम्या होत चाललेल्या गाड्यांकडे बघत होती, आणि पहिल्यांदाच मला तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली. शेवटची एक गाडी उरली होती. ती फुकट गेली तर त्या उन्हात दुसरी खेप होणार नव्हती, आणि साहेब चौथ्यांदा येणार नव्हते. मृग तोंडावर आला होता.

"हे पाणी वर चराच्या तोंडाशी ओता," साहेब म्हणाले. "मी बांधावर उभा राहून पाहतो."

मी घाईघाईने म्हणालो, "साहेब, बूट काढून जा. किंवा हात द्या."

"मी उभं आयुष्य बांधांवर चाललोय."

"सारवलेल्या बांधावर नाही चाललात, साहेब."

ते ऐकतील तर ते साहेब कसले? ते टकटक चालत बांधाच्या टोकाला गेले, चराच्या तोंडाशी पाय रोवून उभे राहिले आणि हात वर करून इशारा दिला. गाडीवाल्याने सगळे ड्रम एकदम उलटवले.

पाणी आलं. खरंच आलं, बांधाला लागलं, वळलं, साहेबांच्या बुटांखालून चरात शिरलं आणि त्या गुळगुळीत सारवणावरून असं निघालं की मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. साहेबांनाही वाटलं असावं. ते म्हणाले, "वा! वाह..." आणि नीट दिसावं म्हणून एक पाऊल पुढे टाकलं.

ओलं शेण, पिवळी माती आणि काळा बूट. पुढचं मी वर्णन करणार नव्हतो, पण इतकी वर्षं ते माझ्या पोटात आहे. साहेब खाली बसले. स्वतःच्या इच्छेने नव्हे, पण बसले व्यवस्थित, पाय पुढे करून, पाठ ताठ, मुलं घसरगुंडीवर बसतात तसे. आणि पाण्याबरोबर निघाले. हॅट वरच राहिली. चराच्या पहिल्या वळणाशी ते अडकतील असं मला वाटलं, पण ते वळले. ज्या सफाईने पाणी वळलं त्याच सफाईने वळले. आम्ही सगळे चराच्या काठाने त्यांच्या बरोबरीने धावत होतो, मी "साहेब! साहेब!" करत, बाया "अगो माय, अगो माय!" करत, ड्रायव्हर तोंडात रुमाल कोंबून. नाल्याच्या तोंडाशी साहेब रांगोळीत पोचले आणि थांबले.

साहेब हिरवट-पिवळे झाले होते आणि त्यांच्या मांडीवर रांगोळीचं अर्धं फूल उमटलं होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचं धाडस करू शकलो नाही, म्हणून मावशीकडे पाहिलं. तिने पदर तोंडात धरला होता, पण तो हसणं दाबायला नव्हे. तिचं वावर गेलं होतं. हे तिला कळलं होतं, मला कळलं होतं, आणि वजनदार गृहस्थांना तर इतकं कळलं होतं की त्यांनी मनातल्या मनात तिथे गुरं सोडलीही होती. इतकी वर्षं टोपल्या वाहून, कुंद्याची मुळं खणून, शेण मागून आणून तिने स्वतःच्या हातांनी साहेबाला नाल्यात पाठवलं होतं.

तर पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो. साहेबांनी जमीन पास केली. त्याच दिवशी, तिथेच, नाल्याच्या काठावर उभं राहून, ओल्या बोटांनी सही केली. सही करताना त्यांचे खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते हसू आहे हे समजायला आम्हाला वेळ लागला, कारण साहेबांना हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं. त्या साली त्या वावरात तूर आणि ज्वारी उभी राहिली आणि बांधावर पवन्या पुन्हा फुटला. पुढे अकोल्याच्या कचेरीत कुणी मला विचारलं की साहेबांनी ती खदान कशी काय पास केली, तर मी एवढंच सांगायचो की मी काही केलं नाही. मी तर तोंड उघडायच्या अवस्थेतच नव्हतो. तोंड उघडलं ते मावशीने. साहेब रांगोळीत बसले होते, कुणाचीच जवळ जायची हिंमत होत नव्हती, आणि वावर हातचं जाताना पाहून त्या बाईच्या तोंडून, भीतीने की घाईने की उरल्यासुरल्या आशेने कोण जाणे, तिच्या त्या ट्रक थांबवणाऱ्या आवाजात निघालं:

"उतार बराबर हाय, मोठे सायेब! पाहा ना, कुठीच अडकले नाई तुमी!"